बोक्याचा उतार

१२ जून

प्रिय रंगारीणबाई,

पत्राला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. कारण तुझंच आहे, चार पायांचं.

परवा बोका पायऱ्यांवरून पडला. हाड मोडलेलं नाही, हे आधीच लिहिते, कारण तुला मी ओळखते, पुढचं वाचायच्या आत तू बॅग भरायला घेशील. सकाळी अंगणात जाऊन आला, दारापुढच्या दगडी पायऱ्या चढायला लागला आणि मधल्या पायरीवर मागचे दोन्ही पाय बाजूला सरकले. धप्पकन खाली. मी मशीनवर होते, सुई कापडातच ठेवून धावले. तर हा मान वर करून माझ्याकडे बघतोय, की एवढी पळतेस कशाला, मी सहज बसलोय इथे. तुमच्या घराण्याचा तोरा त्यालाही लागलाय.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. कमरेचे सांधे झिजलेत म्हणाल्या. गोळ्या दिल्यात, पण पायऱ्या बंद. उचलून न्यावं तर पोटाखाली हात घालताना त्याच्या कण्याला ओढ बसते, तेही नको म्हणाल्या. "त्याला स्वतःच्या पायांनी बाहेर जाता-येता आलं पाहिजे. पाय चालते राहिले तर अजून बरेच दिवस मजेत काढेल. एकदा जागेवर बसला की अंगाला जखमा होतील, आणि मग आपल्याला त्याच्यासाठी दुसरा विचार करावा लागेल." दुसरा विचार म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तुलाही कळलं असेल.

तुझा दादा म्हणतो, कुत्रं तिचं आहे, तिला कळव. म्हणून कळवते. सध्या त्याचा शी-शूचा सगळा कारभार घरातच चालतो. काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर थोडक्यात वाचलं. अगं, कुत्र्याचं नाव बोका ठेवणारी तू, थिएटरमागच्या बोळातून त्याला पिशवीत घालून आणणारी तू, आणि लांब नोकरी लागल्यावर माझ्या गळ्यात बांधून पसार होणारीही तूच. नाकीनऊ आणलेत त्याने. आता सांग काय करायचं ते.

तुझी,
वहिनी

२० जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि हातातला ब्रश तसाच घेऊन बाहेर येऊन बसले. माझ्या डोळ्यांसमोर तो अजून पिशवीतून नाक बाहेर काढणाराच आहे. म्हातारा कधी झाला गं तो?

पत्र आमच्या नाटक कंपनीच्या सुतारकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यात काय, उतार करून देऊ. आम्ही स्टेजवर घोडा चढवलाय." घोडा खरा नव्हता, आत दोन माणसं होती, पण काकांच्या हाताला तोड नाही. लांबलचक फळ्यांचा रॅम्प करायचा, खालून अंगणातून थेट दारापर्यंत. जितका लांब तितका चढ कमी. दोन्ही कडांना पट्टी, म्हणजे पाय घसरून बाहेर जायला नको. तुकड्यातुकड्यांत करतील आणि तिकडे जोडायचा, आमचे सगळे महाल असेच जोडतात. तू फक्त मापं पाठव. लगेच.

आणि दुसरं. तुला त्याचा किती ताप होतोय ते मला कळतंय. तू बोलून दाखवत नाहीस म्हणून मला कळत नाही असं नाही. मला इथे कार्यशाळेच्या मागे खोली मिळाली आहे, जमिनीलगत, एकही पायरी नाही. हंगाम संपला की मी कंपनीचा टेम्पो मागून घेते आणि येते. तोवर त्याला उतार जमला तर उत्तम, नाही जमला तर मी त्याला इकडे घेऊन येते. तू सुटशील. इतकी वर्षं केलंस तेच खूप झालं.

तुझी,
रंगारीण

२७ जून

प्रिय रंगारीणबाई,

मापं घेतली. टेप गळ्यात होतीच. उंची, छाती, गळा, पाठीची लांबी, पुढचा पाय, मागचा पाय, सगळं सोबतच्या कागदावर आहे. छाती मोजताना पोट आत ओढून धरत नाही, त्या बाबतीत माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांपेक्षा शहाणा आहे. शेपटीचंही घेणार होते, पण ती स्थिर राहीना.

बाकी त्याला नेण्याचं वगैरे इतक्यात ठरवू नकोस. टेम्पोतून एवढा प्रवास त्याच्या कमरेला झेपेल का, ते डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं. शिवाय तू दिवसभर शिडीवर चढलेली, त्याला बाहेर कोण नेणार? मी आपलं विचारते. आणि ताप वगैरे काही विशेष नाही. मी रागाच्या भरात काहीबाही लिहिते, ते काय मनावर घ्यायचं असतं?

मधल्या काळात मी त्याला एक पट्टा शिवलाय, पोटाखालून घ्यायचा, आतून जाड अस्तर लावून. तो धरला की मागचा भार हलका होतो. घातल्यावर रुबाबदार दिसतो हो. तुझ्या दादाने बघून विचारलं, "याला खिसे नाही ठेवलेस?"

तुझी,
वहिनी

५ जुलै

वहिनी!

मी त्याला सूट शिवत नाहीये! पायऱ्यांची मापं कुठे आहेत? दाराची उंची किती, अंगण फाटकापर्यंत किती लांब? तुझा कागद कार्यशाळेत हातोहात फिरला, सुतारकाका तर डोळे पुसत होते हसून. मी दादाला गुपचूप वेगळं पत्र टाकलं. त्याने उलट टपाली मापं पाठवली, शिवाय दारापुढचा नकाशा, एवढ्या बारीक अक्षरात की आम्हाला भिंग घ्यावं लागलं. घड्याळजी तो घड्याळजीच.

उतार तयार होतोय. आमचं सामान घेऊन जाणारा ट्रक तुमच्या बाजूला यायचा आहे, त्यातून येईल. आल्याबरोबर पायऱ्यांवर टेकवू नकोस. आधी एक फळी अंगणात सपाट ठेव, त्यावर त्याचा खाऊ ठेव, त्याला वास घेऊ दे. मग एका टोकाखाली वीट. मग हळूहळू उंच. पुढून ओढायचं नाही, मागून ढकलायचं तर मुळीच नाही. चार पावलं आला तरी कौतुक कर. तुला कौतुक करायला जड जातं हे मला माहीत आहे, पण कुत्र्यासाठी कर.

वरून फडकं बांधून पाठवते. ते सोडताना दादाला जवळ बोलाव. आत एक गंमत आहे, मी चार संध्याकाळी बसून केली आहे. बघितल्यावर कळेल.

तुझी,
रंगारीण

२ ऑगस्ट

प्रिय रंगारीणबाई,

उतार पोचला. फडकं सोडलं आणि तुझ्या दादाने तोंडात बोट घातलं, अक्षरशः. अगं, या तर आपल्याच पायऱ्या! दगडाचा तोच करडा रंग, तीच शेवाळाची कड, दुसऱ्या पायरीचा तुटलेला कोपरासुद्धा. प्रत्येक पायरीखाली सावली, तीही सकाळच्या उन्हाची. हात लावून बघितला तेव्हा कळलं की सपाट फळी आहे. इतक्या लांब बसून तुला एवढं सगळं आठवतं?

जोडला त्या दिवसापासून गल्लीतलं येणारं-जाणारं माणूस फाटकाशी थांबतं. काल टपालवाले आले ते सरळ उतारावरून यायला निघाले. पहिल्या पायरीसाठी पाय उचलला, पायरी आहे कुठे? पाय हवेतून धाडकन खाली. पत्रं अंगणभर. मग स्वतःच हसायला लागले आणि म्हणाले, "ताई, हे कुणी केलं त्यांना नमस्कार सांगा." सांगितला.

बोका चढतो हो. छान चढतो. सुरुवातीला जरा कां-कूं केलं, आता सवय झाली. सकाळ-संध्याकाळ खाली जातो, वर येतो. तेव्हा तू काही काळजी करू नकोस आणि टेम्पोबिम्पोच्या भानगडीत पडू नकोस. हंगाम नीट पार पाड.

तुझी,
वहिनी

१० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

जीव भांड्यात पडला! टपालवाल्यांची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. आमच्या मुख्य रंगाऱ्यांनी पाठीवर थाप मारली, आणि ते कोणाच्या पाठीवर थाप मारत नाहीत.

आता मला सगळं तपशीलवार लिही. वर पोचल्यावर काय करतो? मध्ये थांबतो का? उतरताना पुढच्या पायांवर भार येतो, ते जमतं का? तू नुसतं "छान चढतो" लिहून मोकळी झालीस. एरवी एका बटणावर पानभर लिहितेस.

तुझी,
रंगारीण

२५ ऑगस्ट

चि. बहिणीस,

तुझ्या वहिनीने तुझ्या पत्राचं उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही असं दिसतं. म्हणून मी लिहितो आहे. ती झोपेपर्यंत थांबलो वगैरे नाही, दुकानात बसून लिहितो आहे.

बोका उतार चढत नाही. एकदाही चढलेला नाही. खालच्या टोकाशी जातो, वास घेतो, मागे सरकतो. फळी अंगणात सपाट ठेवली होती तेव्हाही तिच्या कडेकडेने चालला. खाऊ ठेवला, तर फळीवर पाय न ठेवता मान लांब करून खाल्ला.

त्यामुळे तुझी वहिनी त्याला पट्ट्याने उचलून उताराशेजारच्या उघड्या पायऱ्यांवरून नेते. सकाळी आणि संध्याकाळी मी असतो, दुपारी ती एकटी. तिचा उजवा खांदा धरला आहे. मशीनचं चाक डाव्या हाताने ओणवी होऊन फिरवते आणि मला सांगते की ही नवीन पद्धत आहे. दोन गिऱ्हाइकांचं काम तिने परत केलं. बोकाही उचलताना कळवळतो. डॉक्टरीणबाई परवा दोघांनाही रागावल्या.

तुला खोटं का लिहिलं ते मी विचारलं. मला म्हणाली, तुम्ही घड्याळं बघा. तेव्हा कारण मला ठाऊक नाही. तुझी वस्तू फार सुंदर झाली आहे, हे मात्र खरं.

तुझा,
दादा

१ सप्टेंबर

वहिनी,

दादाचं पत्र आलं.

"चढत नाही" एवढे दोनच शब्द लिहायचे होते. मी तशीच निघाले असते, त्याला घेऊन आले असते, तुझा खांदा वाचला असता. मी इकडे सगळ्यांना सांगत सुटले की माझा बोका उतार चढतो आणि तो तिकडे कळवळतोय!

मी केलेल्या वस्तूला नाव ठेवायचं तुला जिवावर आलं का? एवढी परकी आहे का मी? की तुला वाटलं, आपण अंगावर घेतलेलं निभावून न्यायचं, कोणापुढे हात टेकायचे नाहीत? हा तुझा जुना रोग आहे.

आता हंगाम संपायची वाट बघत नाही. मालकांना रजा मागते, टेम्पो मागते. तू आता त्याला उचलू नकोस. दादा नसेल तेव्हा घरातच जुनी चादर टाक. मी येऊन नेते.

रंगारीण

८ सप्टेंबर

अगं,

येऊ नकोस. म्हणजे ये, घर तुझंच आहे, पण टेम्पो आणू नकोस.

खोटं का लिहिलं ते सांगते. तू लिहिलं होतंस, उतार जमला नाही तर त्याला घेऊन जाईन. मला तो जायला नको होता. बस, एवढंच कारण. तुझी वस्तू, माझा स्वाभिमान, त्यातलं काही नाही. तू मला सोडवायला निघाली होतीस आणि मला सुटायचं नव्हतं. पण तुझ्याजवळ कोणत्या तोंडाने मागणार? तू आणलेलं पिल्लू. तू गेलीस त्या दिवशी तो फाटकाशी बसून राहिला होता, रात्री आत यायला तयार नव्हता, ते मी बघितलंय. तुझ्यावर त्याचा जीव आहे हे मला माहीत नाही का?

पण तू गेल्यावर दुपारी घरात दुसरं कोण असतं, सांग. तुझा दादा सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो, आणि आल्यावर तरी किती बोलतो ते तू जाणतेस. गल्लीतल्या बायकांना वाटतं मी मशीनशी बोलते. मी बोक्याशी बोलते. गिऱ्हाइकांच्या चुगल्या त्याला सांगते. बाही उलटी लागली की त्याच्यावर ओरडते आणि तो उठून पाणी पिऊन येतो, मग आमचं मिटतं. त्याच्याबद्दल मी कधी गोड बोलले नसेन. मला जमत नाही. पण तो नसलेलं घर मला नको आहे.

आता पुढचं ऐक, कारण काल एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून मी तुला लिहू की नको करते आहे.

एका गिऱ्हाइकाचं पडद्यांचं कापड आलं होतं, जाडजूड, मातकट रंगाचं. नवं कापड मी आधी भिजवून वाळवते, म्हणजे शिवल्यावर आटत नाही, तुला माहीतच आहे. दोरी भरलेली होती. म्हटलं, हा एवढा लांब उतार उन्हात नुसता पडलाय, त्यावर पसरू. खालपासून अर्ध्यापर्यंत पुरलं. मी आत आले. थोड्या वेळाने बघते, तर बोका उतारावर! चिखलाचे पाय, आणि खाली गिऱ्हाइकाचं कापड! मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो चढत होता गं. एकटा. हळू, मागचे पाय फेंगडे टाकत, पण चढत होता. कापड संपलं तिथपर्यंत आला आणि थांबला. पुढे तुझी रंगवलेली पायरी सुरू होत होती. त्याने एक पाय उचलला, हवेत धरला, आणि टेकवेचना. टपालवाल्यांचा पाय होता ना, अगदी तसाच.

मग मला कळलं. त्याला त्या पायऱ्याच वाटतात. ज्या पायऱ्यांवरून तो पडला, त्याच तू त्याच्यापुढे ठेवल्यास, सावलीसकट. त्याची नजरही आता अंधुक झाली आहे. तू इतकं खरं काढलंस की बिचाऱ्याला भरवसा येईना.

आता तूच सांग, हे मी तुला कसं लिहायचं होतं? चार संध्याकाळी बसून केलेलं. लोक फाटकाशी थांबून बघतात. मला तर सकाळी दार उघडलं की तू कुठेतरी इथेच आहेस असं वाटतं. ते पुसायला सांगायला माझी जीभ वळेना. पण न सांगून चालणार नाही.

खांदा बरा आहे. शेकते. तुझ्या दादाला चुगलीची शिक्षा म्हणून ते पडद्याचं कापड धुवायला लावलं.

वहिनी

१४ सप्टेंबर

वहिनी,

आधी मी हसले. मग रडले. मग सुतारकाकांनी विचारलं काय झालं, त्यांना सांगितलं, तर ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आपण प्रेक्षकांसाठी केलं, नटाला विचारलंच नाही." अगं, इथे हाच पहिला नियम आहे. नट ज्यावर चालणार त्या फळीवर खोटी पायरी, खोटा खड्डा रंगवायचा नाही, माणूस अडखळतं. नव्या पोरांना मीच हे शिकवते. आणि घरच्या पायऱ्या काढताना मला काहीच आठवलं नाही. मला घर आठवत होतं फक्त.

पुस. अजिबात विचार करू नकोस. आमच्याकडे हंगाम संपला की महिनाभर रंगवलेल्या महालावर एका सकाळी पांढऱ्या रंगाचा हात मारतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यांवर जंगल उभं करतात. आमचं कोणतंच काम राहत नाही. ते राहावं म्हणून करतच नाही आपण. आधी घासकागदाने चकाकी काढ. मग एकच सपाट रंग दे, त्या पडद्याच्या कापडासारखा मातकट, कारण त्यावर त्याने पाय ठेवलाय. रंग ओला असतानाच त्यावर कोरडी बारीक वाळू भुरभुरव. वाळला की जास्तीची झाडून टाक. नखांना पकड मिळेल. हे सगळं दादाला करू दे, तू नुसती हुकूम सोड.

आणि दुसऱ्या गोष्टीचं. मला खरंच वाटत होतं की तू कंटाळलीस. तुझी पत्रं वाचून कोणालाही तसंच वाटेल, बाई! पण तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. मी फक्त तुझ्या सोयीसाठी त्याला न्यायचं म्हणत नव्हते. मलाही तो हवा आहे. संध्याकाळी खोलीवर आले की दाराशी कोणी येत नाही. मी त्याच्यासाठी कोपरासुद्धा ठरवून ठेवला होता. आता काय करावं ते मला सुचत नाही. हंगाम संपल्यावर येते, तेव्हा समोरासमोर बसून बघू.

तुझी,
रंगारीण

६ ऑक्टोबर

प्रिय रंगारीणबाई,

पुसलं. तुझ्या दादाने घासलं, पण रंगाचा हात मीच मारला, कारण तो एकेका फळीला घड्याळाच्या काट्यासारखं जपायला लागला. त्या तुटलेल्या कोपऱ्यापाशी माझा ब्रश थांबला. मग पुढे नेला. वाळू भुरभुरवायला मजा आली. फाटकाशी दोघं-तिघं उभे होते, त्यांनी मला वेड्यात काढलं. "एवढं छान होतं, बाई!" म्हटलं, ज्याच्यासाठी होतं त्याला आवडत नव्हतं.

दोन दिवस वास जाऊ दिला. मग तू सांगितलं होतंस तशी सुरुवात केली, खालच्या फळीपासून. पहिल्या दिवशी दोन पाय. दुसऱ्या दिवशी चारही पाय, आणि लगेच मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी कौतुक केलं. मोठ्याने केलं, शेजारच्यांनी खिडकी उघडली. मग रोज थोडं पुढे. अर्ध्यावर दम खातो, तिथे तुझ्या दादाने कडेला पाण्याचं भांडं ठेवलंय, पडू नये म्हणून खिळ्यांनी अडकवून. काल दुपारी मी मशीनवर होते. नखांचा फळीवर खरखर आवाज आला. मी उठले नाही, श्वास धरून बसून राहिले. खरखर थांबली, पाणी प्यायल्याचा आवाज, परत खरखर. आणि बोका दारात उभा. दमलेला, जीभ बाहेर, मिशांना वाळू. मी सुई थांबवली आणि त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. लिहूनच टाकते, नाहीतर तुझा दादा कळवेल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असाच चालत राहू दे. दुसऱ्या विचाराचं नाव काढलं नाही.

तू ये. टेम्पो आणायचा तर आण. मी भांडणार नाही.

वहिनी

१९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

शेवटचा खेळ शनिवारी. रविवारी दुपारपर्यंत पोचते. टेम्पो मिळाला आहे.

रंगारीण

२७ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तू सुखरूप पोचली असशील. काल तू निघालीस तेव्हापासून बोलायचं राहिलंय, ते लिहिते, कारण तोंडावर बोलायला आपल्या दोघींना जमत नाही हे या दोन दिवसांत सिद्धच झालं. कापडाच्या भावापासून तुमच्या मालकांच्या टकलापर्यंत सगळं बोललो, त्याचं सोडून.

तू फाटकातून आत आलीस तेव्हा मी खिडकीत होते, मुद्दामच बाहेर आले नाही. तो उतारावरून खाली आला. इतक्या घाईने मी त्याला उतरताना कधी बघितलं नव्हतं, मला धडकी भरली. तुझ्या हातांचा वास घेतला, आणि मग जे रडगाणं सुरू केलं त्याने, लहान पिल्लासारखं! तू खाली मातीतच बसलीस. तेव्हाच मी ठरवलं. म्हटलं, जीव तिच्यावर आहे, आपण मध्ये यायचं नाही. आता पायही चालायला लागलेत, प्रवास झेपेल.

म्हणून काल सकाळी मी त्याची बॅग भरून दाराशी ठेवली होती. गोळ्या, पट्टा, त्याची चादर, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. तू आंघोळ करून आलीस, ती बॅग बघितलीस, उघडून चादर हातात घेतलीस, परत घडी करून आत ठेवलीस. मला वाटलं आता उचलशील. तू उचललीसही. आणि आतल्या खोलीत नेऊन माझ्या मशीनपाशी ठेवलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. तुझ्या दादाला म्हणालीस, "टेम्पोत मागे जागा रिकामीच आहे, तुझं ते मोडकं टेबल देतोस का, फळ्या कामाला येतील." आणि टेबल घेऊन निघून गेलीस.

त्या वेळी मी तुला थांबवायला हवं होतं. मिठी मारायला हवी होती. मी आपली "डबा सांडेल, सरळ धर" म्हणत बसले.

टेम्पो निघाला तेव्हा बोका तुझ्यामागे खाली उतरला होता. फाटकाशी जाऊन उभा राहिला. टेम्पो वळणापलीकडे गेला, धूळही बसली, तरी उभा. मला तू पहिल्यांदा गेलीस तो दिवस आठवला. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. त्याला फाटकाशीच थांबायचं असतं तर मी कुठल्या हक्काने बोलावणार होते?

बराच वेळ गेला. मग तो वळला. हळू, मागचे पाय एकेक करून फिरवत. उतारापाशी आला, चढायला लागला, अर्ध्यावर पाणी प्यायला, आणि वर आला. मी दारातून बाजूला झाले. हात लावला नाही, पट्टा धरला नाही. आपल्या पायांनी तो घरात आला, त्या बॅगेचा वास घेतला आणि मशीनखाली जाऊन झोपला.

बॅग अजून तशीच भरलेली आहे. हे पत्र टाकून आले की रिकामी करते.

तुझी,
वहिनी